चारशे बारा उसळ्या

रंग कालवणाऱ्या यंत्राखालून डबा बाहेर काढून बाईनं झाकण उचललं, आत पाहिलं, आणि पलीकडे ब्रश लावत बसलेल्या मैत्रिणीला म्हणाली, "पिवळ्याचे दोन थेंब जास्त गेले बघ. सकाळपासून दुसऱ्यांदा मेब्री केला मी." मैत्रीण हसली. ती आडनावाला हसली नाही, चुकीला हसली. 'मेब्री करणं' यातलं मेब्री हे कुणाचं तरी आडनाव आहे हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं, कारण ती फार तर वीस वर्षांची असेल, आणि थॉर्नहिलमध्ये वाढलेल्या विशीच्या मुलीला हा शब्द चमचा, बादली यांच्यासारखाच घरात पडलेला सापडतो. बाईनं तो डबा बाजूला सारला, नवा घेतला, मोजून थेंब टाकले, आणि मार्कर उघडून विचारलं, "झाकणावर नाव काय लिहू, दादा?" काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या ऑरिन मेब्रीच्या तोंडून निघालं, "रेंबर्ट." रेंबर्ट हे त्याच्या बायकोचं, जोसेटाचं माहेरचं नाव. तिनं ते लग्नानंतरही ठेवलं होतं. हे आपण म्हणालो याचा पत्ता त्याला बाईचा मार्कर अर्ध्या नावापर्यंत पोहोचल्यावर लागला. त्यानं ते तसंच राहू दिलं. डबा उचलून गाडीत ठेवला आणि किल्ली न फिरवता बसून राहिला.

छत्तिसाव्या वर्षी माणूस रंगाच्या दुकानात नाव बदलतो. ना पोलीस, ना मारेकरी. समोर एक बाई आणि तिच्या हातात मार्कर. शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत तो बारा वर्षं काम करत होता. रोज वीस ठिकाणांहून बाटल्या येत, त्यांतलं क्लोरीन, शिसं, जंतू तो मोजायचा आणि जे दिसेल ते लिहायचा. नको असलेला आकडा आला म्हणून दुसरा लिहिणाऱ्या एका माणसाला त्यानं स्वतः तक्रार करून घालवलं होतं. आणि आता हे. जीभ आधी जाते आणि आपण तिच्या मागून चालतो, असं त्याला वाटलं. जीभ किती वर्षांपासून एकटीच हिंडते आहे कुणास ठाऊक. न्हाव्याकडे तो नाव सांगत नाही, कारण न्हाव्याला माहीत आहे. पिझ्झा मागवताना नुसतं ऑरिन सांगतो. हे त्यानं कधी मोजलं नव्हतं, आणि मोजायला लागल्यावर त्याचे कान तापले.

पंधरा वर्षांपूर्वीचा, नोव्हेंबरमधला असाच लख्ख उन्हाचा शनिवार होता. थॉर्नहिल कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सामना, आणि ऑरिन संघात. समोर हॅडली, म्हणजे नदीपलीकडचं कॉलेज. त्यांच्याशी हरलं तर थॉर्नहिलमध्ये आठवडाभर लोक नीट जेवत नाहीत. वीस-सतरा असे आपण पुढे होतो, घड्याळात दोन मिनिटं चाळीस सेकंद उरली होती. हॅडली स्वतःच्याच टोकाला अडकले होते, त्यांना चेंडू लांब लाथाडून आपल्याला देऊन टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी तो लाथाडला. लाथ नीट बसली नाही. चेंडू वाऱ्यात वाकडा झाला आणि तो झेलायला मागे उभ्या असलेल्या आपल्या ट्रेव्हिस ऑडमच्या पुष्कळ अलीकडे पडला. असा चेंडू कुणी शिवायचा नसतो. तो आपोआप थांबतो आणि आपला होतो. पण आपल्यातल्या कुणाच्या अंगाला तो चुकून जरी लागला तरी सुटा होतो, मग ज्याच्या पोटाखाली सापडेल त्याचा. म्हणून झेलणाऱ्यानं खुणेचा शब्द ओरडायचा आणि बाकीच्यांनी, चेंडू कुठे आहे हे पाहायच्या फंदात न पडता, तिथून पांगायचं. प्रत्येक कॉलेजचा आपापला शब्द असतो. थॉर्नहिलचा शब्द होता 'विष'. ऑरिनची पाठ चेंडूकडे होती. कडेनं धावत येणाऱ्या हॅडलीच्या एका आडदांड खेळाडूला तो रोखून धरत होता. चेंडू एकदा उसळला, दुसऱ्यांदा उसळला, तिसऱ्यांदा ज्या बाजूला जायला हवा होता तिच्या उलट वळला आणि ऑरिनच्या डाव्या टाचेला लागला. दार वाजवावं इतकाच हलका. मग त्याच्या मागे माणसांचा ढीग झाला, आणि ढीग उपसल्यावर तळाशी हॅडलीचा माणूस चेंडू पोटाशी घेऊन लहान मुलासारखा झोपलेला होता. पुढच्या तीन डावांत हॅडली चोवीस, आपण वीस. संपलं.

त्या सामन्यातल्या बाकीच्या चुका ऑरिनला जपमाळेच्या मण्यांसारख्या पाठ होत्या. आपल्या लाथ मारणाऱ्यानं अगदी जवळून, सव्वीस यार्डांवरून तीन गुण घालवले. कोचनं खेळ थांबवायच्या दोन संधी उधळल्या, कारण मैदानावर अकराऐवजी बाराजण उभे आहेत हे बाजूला उभ्या असलेल्या कुणालाच मोजता आलं नाही. पंचानं एकदा चेंडू हातभर मागे ठेवला. हॅडलीच्या मुख्य खेळाडूच्या हातून चेंडू तीनदा निसटला आणि तिन्ही वेळा जमिनीवरून उडून पाळलेल्या कबुतरासारखा त्याच्याच छातीशी परत आला. ज्या फेकीवर ते जिंकले ती फेकसुद्धा आपल्या खेळाडूच्या बोटांना लागून उडाली होती आणि पाय घसरून उताणा पडलेल्या हॅडलीच्या पोराच्या कुशीत पडली. तो तर झेलायला हातही उचलत नव्हता. यातल्या कुणाच्या नावाचं क्रियापद झालं नाही. कोच त्या संध्याकाळी पत्रकारांना म्हणाले, "आम्ही जिंकतो सगळे मिळून आणि हरतो सगळे मिळून." तिथं थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण ते पाणी प्यायले आणि पुढे म्हणाले, "पण चेंडूपासून दूर पळायचं असतं, हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो." गावानं पहिलं वाक्य टाकून दिलं आणि दुसरं जपून ठेवलं.

त्या हिवाळ्यात ऑरिन रोज वसतिगृहामागच्या लोखंडी जिन्यावर, दुसऱ्या मजल्याच्या वळणाशी उभा राहून खालच्या गवतावर चेंडू टाकायचा. बारा फुटांवर स्वतःचा डावा बूट ठेवलेला. चेंडू कुठल्या दिशेला उसळला ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहायचं, किती फूट गेला ते टेपनं मोजायचं. चारशे बारा वेळा टाकला. गोल चेंडूला स्वभाव असतो, तो पडेल तसा उठतो. हा दोन्हीकडून निमुळता, टोकावर पडला तर एक, पोटावर पडला तर दुसरं, आणि दोन्हींच्या मधे पडला तर देवालाही विचारू नये. कोष्टकात कसलाच आकार उमटेना. चारशे बारांत तीनदा बुटाला लागला. तीन. हा आकडा घेऊन तो आठवडाभर वेड्यासारखा हिंडला, कुणीतरी विचारावं म्हणून. कुणी विचारलं नाही. आईनं तेवढं विचारलं, तेही फोनवर, "बाळा, तू जिन्यावरून काय फेकत असतोस म्हणे? लोक मला सांगतात." त्यानं तीनचा आकडा सांगितला. ती म्हणाली, "मग त्या तिघांना कुणी शिव्या दिल्या का?" तिच्या चर्चमध्ये त्याच रविवारी पाद्रीबुवांनी क्षमेवर प्रवचन केलं होतं, आणि सगळी डोकी तिच्याकडे वळली होती. ती उठली, गाणाऱ्यांच्या रांगेतली आपली जागा घेतली, आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी माफी मागायला नाही आले, गायला आलेय. सूर द्या."

पण आईपासूनही त्यानं एक गोष्ट लपवली होती. उसळी त्याची नव्हती, पण चूक होती. त्यानं शब्द ऐकला होता. ऐंशी हजारांच्या गदारोळात ऑडमचा आवाज, दोनदा, स्पष्ट: विष, विष. तेव्हाच पांगायला हवं होतं. पण हॅडलीचा तो आडदांड त्याच्या पंज्यात पुरता सापडला होता, मागे मागे रेटला जात होता, तोंडानं फुसफुसत होता, आणि ऑरिनला ते गोड लागलं. एक क्षण, फार तर सव्वा. आणखी एक ढकल. तेवढ्या सव्वा क्षणाची मालकी त्यानं पंधरा वर्षं कुणाला दिली नाही. लोक म्हणायचे त्याला ऐकू आलं नाही, बिचारा. तो मनात म्हणायचा, आलं होतं. ती चूक त्याला परवडत होती. चूक माझी, उसळी माझी नाही, अशी त्यानं आपली हद्द आखून घेतली होती आणि तिच्या आत तो ताठ उभा राहू शकत होता. निदान आजच्या सकाळपर्यंत तसं वाटत होतं.

घरी जोसेटा रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसून होती, पोटावर दोन्ही हात. सातवा महिना संपत आला होता. प्राथमिक शाळेत ती परिचारिका होती. मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना काय म्हणतात हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या महिन्यात तिनंच विषय काढला होता, की बाळाला माझं आडनाव लावू या, रेंबर्ट या नावाला इथं कुणी ओळखत नाही, पोराला श्वास घेता येईल. ऑरिन तेव्हा चिडला होता. दोन दिवस अबोला. आता तिनं डब्याचं झाकण वाचलं आणि वर पाहिलं.

"हे कुणी लिहिलं?"

"दुकानातल्या बाईनं."

"तिला कुणी सांगितलं?"

तो खिडकीला कागदाची पट्टी चिकटवायला लागला.

"ऑरिन, तिला कुणी सांगितलं?"

"निघालं तोंडातून."

जोसेटा चिडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "मागच्या महिन्यात माझ्यावर एवढा उखडलास," ती म्हणाली, "मी तेव्हापासून विचार करतेय की चुकलं माझं, मेब्रीच लावू, होऊ दे काय व्हायचं ते. आता तू सांग. जे नाव बापाला रंगाच्या दुकानात घेववत नाही, ते मी पोराच्या कपाळी का मारू?"

पट्टी वाकडी लागली होती, ती काढून त्यानं पुन्हा लावली.

"आज त्या सत्काराला जाऊच नये असं वाटतं," तो म्हणाला.

"मग नको जाऊ. पण मला ते तिकीट दे. मी पाय वर करून बसणार आहे आणि शेंगदाणे खाणार आहे. घरात रंगाचा वास मला सहन होत नाही."

त्या संघाला पंधरा वर्षं झाली म्हणून कॉलेजनं सगळ्यांना आजच्या सामन्याच्या मध्यंतरात मैदानावर बोलावलं होतं. सत्काराच्या कामाला लॉक्रिज नावाची एक तरतरीत बाई नेमलेली होती. तिनं फोनवर दोनदा सांगितलं होतं, "तुम्ही काहीच करायचं नाही, मिस्टर मेब्री. नुसतं हात हलवायचं. फार हृद्य होणार आहे." मैदानाखालच्या बोगद्यात ती पुन्हा भेटली आणि या वेळी सगळं सांगितलं, कारण तिला राहवेना. विद्यार्थ्यांच्या बाकांवर चार हजार पुठ्ठे ठेवले आहेत. निवेदक म्हणेल, पंधरा वर्षं पुरे झाली, काय म्हणता, थॉर्नहिल? मग पुठ्ठे वर जातील आणि त्यांचा मिळून एकच शब्द दिसेल: माफ. "मला तर सरावाच्या वेळीच रडू आलं," ती म्हणाली आणि त्याच्या दंडावर हात ठेवून दुसऱ्या कुणाला तरी शोधायला गेली. माफ. ऑरिनला तो शब्द पाण्यात न विरघळणाऱ्या गाळासारखा वाटला. माफ करायला आधी गुन्हा ठरावा लागतो. कोणता ठरला? सव्वा क्षणाचा तर यांना पत्ताही नाही. हे माफ करणार होते उसळीला. आणि एकदा हात हलवला की ती कायमची आपली. मग नातवंडांनाही ती परत करता येणार नाही.

"मेब्री." भिंतीला टेकून ट्रेव्हिस ऑडम उभा होता. नऊ वर्षं तो व्यावसायिक संघांतून खेळला होता, आता गावात मोटारी विकायचा. चौकाचौकांत त्याचा हसरा चेहरा पाटीवर असे. इथं तो हसत नव्हता. सुटाच्या आत एक गुडघा आखडलेला दिसत होता.

"बायको आलीय का?"

"वर बसलीय. शेंगदाणे खातेय."

"कितवा?"

"सातवा संपतोय."

"अरे वा." ऑडमनं बुटांकडे पाहिलं. "तुला एक सांगायचंय. मधे बोलू नकोस, नाहीतर माझ्यानं होणार नाही. मी ओरडलो नव्हतो."

"काय?"

"विष. मी म्हटलंच नाही रे. चेंडू उन्हात गेला आणि मला दिसेना. मी शोधत राहिलो. दिसला तेव्हा तुझ्या पायाशी होता. बसमध्ये कोचनं विचारलं, ओरडला होतास ना? माझी मान हलली. नुसती मान हलली, मेब्री. मग सगळे म्हणायला लागले की ऑडम ओरडला पण मेब्रीला ऐकू आलं नाही. मी दुरुस्त केलं नाही. आता माझी पोरगी तो शब्द वापरते. परवा दूध सांडलं तर म्हणाली. मी जेवलो नाही त्या रात्री."

"मी ऐकलं होतं," ऑरिन म्हणाला.

"काय ऐकलं?"

"तू ओरडलेलं. दोनदा."

ऑडम त्याच्याकडे, वाईट बातमी सांगणाऱ्या डॉक्टरकडे बघावं तसं बघत राहिला. "मी नाही ओरडलो रे."

वर ढोल वाजत होते, छतातून बारीक धूळ गळत होती. ऑरिननं तो आवाज पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला आणि तो लगेच ऐकू आला, पंधरा वर्षं येत होता तसाच, किंचित घोगरा, दुसरा पहिल्यापेक्षा उंच. मग हा कुणी घडवला? केव्हा? त्या ढिगाजवळ उभं असतानाच, की नंतर जिन्यावर, त्या चारशे बारांच्या मधे केव्हातरी? नुसत्या योगायोगानं आपलं आयुष्य वाकडं झालं हे त्याच्या मनाला झेपलं नसावं, म्हणून त्यानं रात्री बसून स्वतःसाठी एक चूक शिवली असावी, अंगात नीट बसेल अशी. सुटकेचं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. घरफोडी झाल्यासारखं वाटलं. जी एकच गोष्ट त्याची स्वतःची होती तीही त्याची नव्हती. आणि मग, अगदी सावकाश, राग वर आला. ऑडमवर नव्हे, तर पुठ्ठे घेऊन बसलेल्या त्या चार हजारांवर आणि त्यांच्यासाठी इतकी वर्षं आत बसून शिवणकाम करणाऱ्या स्वतःवर.

"मी आज माइकवर सांगतो," ऑडम म्हणाला. "ठरवून आलोय."

"नको."

"अरे, तुझं नाव सुटेल."

"आणि तुझं अडकेल. सोमवारी तुझी पोरगी शाळेत जाईल आणि कुणाचं तरी दूध सांडेल."

"माझी चूक होती."

"होती. आणि माझीही असेल, मला आता सांगता येत नाही. पण चेंडू वळला तो तुझ्या गप्प राहण्यानं वळला नाही. यांना एक माणूस हवा असतो, ट्रेव्हिस. एक दिला की दुसरा मागत नाहीत, एवढाच यांचा चांगुलपणा. मी तुला त्यांच्या पुढ्यात टाकणार नाही."

"मग तू काय करणार? हात हलवणार?"

ते ऑरिनलाच माहीत नव्हतं. तो बोगद्याच्या तोंडाकडे चालू लागला.

बाहेर ऊन डोळ्यांत घुसलं. संघ रांगेत उभा राहिला, पोटं सुटलेले, टकलं पडलेले, एकमेकांना कोपरं मारणारे. निवेदकानं एकेक नाव घेतलं, टाळ्या पडल्या. मग त्याचा आवाज ओलसर झाला. पंधरा वर्षं पुरे झाली, तो म्हणाला, काय म्हणता, थॉर्नहिल? चार हजार पुठ्ठे वर गेले आणि पलीकडच्या उतारावर तो शब्द उभा राहिला, पांढऱ्यावर लाल. ऐंशी हजार माणसं उभी राहिली. त्यांचे चेहरे खरोखरच चांगले दिसत होते. हेच अवघड होतं. ऑरिन रांगेतून चार पावलं पुढे गेला आणि निवेदकासमोर हात धरला. निवेदकाला वाटलं हस्तांदोलन करायचं आहे. मग समजलं, आणि गोंधळून त्यानं माइक देऊन टाकला.

"मी ऑरिन मेब्री," तो म्हणाला. स्वतःचा आवाज समोरच्या बाकांवर आपटून अर्ध्या सेकंदानं परत आला, तो परत येईपर्यंत तो थांबला. "मला माफी नको. मी तुमचं काही घेतलेलं नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी चुका केल्या, हॅडलीनंही केल्या, आमच्याहून जास्त. चेंडू त्यांच्याकडे उसळला. पुठ्ठे खाली ठेवा."

टाळ्या थांबल्या, पण एकदम नाही. लांबच्या कोपऱ्यात काही माणसं अजून वाजवत होती, त्यांना ऐकायला उशीर झाला होता. लॉक्रिजबाई बाजूच्या रेषेवरून माइक बंद करा म्हणून हातानं गळा कापल्याची खूण करत होती.

"जानेवारीत आमच्या घरी मूल होणार आहे," ऑरिन म्हणाला. "त्याचं आडनाव मेब्री असेल. तुम्हाला नवीन काही पाठ करायला लागणार नाही."

पहिली हुर्यो विद्यार्थ्यांच्या बाकांवरून आली, तरुण, जवळजवळ खेळकर. मग दक्षिणेच्या वयस्क बाजूनं ती उचलली, आणि त्यांच्या आवाजात खेळ नव्हता. कुणीतरी पुठ्ठा भिरकावला. तो वाऱ्यावर तिरका झाला आणि कुणालाच न लागता गवतावर पडला. ऑरिन माइक परत देऊन उभा राहिला. ऑडम रांगेतून निघून त्याच्या शेजारी येऊन थांबला, आखडलेला पाय थोडा पुढे टाकून. ऑरिनला वाटलं होतं की हा आवाज अंगावर भिंतीसारखा कोसळेल. तसं झालं नाही. तो बराच उंचावरून जात होता. आणि त्याच्या आत, जिथं तो घोगरा शब्द दोनदा ऐकू यायचा तिथं, आता काहीच ऐकू येत नव्हतं.

जिन्याच्या पायऱ्या चढून तो वर आला तेव्हा हुर्यो अजून ओसरली नव्हती. ज्या ज्या रांगेशी पोहोचे तिथं ती नव्यानं पेटे. त्यांच्या रांगेत जोसेटा बसलेली होती, पाय पुढच्या रिकाम्या खुर्चीवर, मांडीवर शेंगदाण्यांची पिशवी. तिच्या मागचा लाल टोपीतला म्हातारा उभा राहून तोंडाशी हातांचा कर्णा करून ओरडत होता, आणि ती मान मागे वळवून, शाळेत खरचटलेल्या मुलांशी बोलते त्या आवाजात, त्याला सांगत होती, "जरा मोठ्यानं ओरडा ना, काका. एवढ्यानं आत ऐकू जात नाही. बाहेर कसली माणसं आहेत ते या मेब्रीला आतापासून कळू दे."